गमज्यामागचा कबुलीजबाब

ती घटना विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, पण आजही मिशी कोरताना ती आठवते आणि कात्री हातातच राहते.

परतूर तालुक्यात, आष्टीच्या बाजूला एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. गावाचं नाव सांगणार नाही, माणसांची तर नाहीच. माझा दरारा असा, की मी बुलेटला किक मारली की तीन गावांपलीकडचे पत्तेवाले डाव टाकून शेतात पळत. ऊनही माझ्यासारखंच. गाळलेला चहा कपात पुन्हा उकळायचा.

एका सकाळी हजेरी आटोपली, रात्रगस्तीचा अहवाल पाहत होतो, तेवढ्यात गावातला ऑनलाइन सेवा केंद्रवाला खबर घेऊन आला.

"साहेब, एक माणूस हाय. तोंडाला गमजा, नुसते डोळे दिसतेत. दोनदा येऊन गेल्ता, आज दुपारी परत येणार हाय. एका पोरीचे कागद आणतो, फी सवलतीचा अर्ज भरा म्हणतो. नाव विचारलं की खोकतो. आन् खर्चा सांगितला की घासाघीस न करता देऊन टाकतो."

शेवटच्या वाक्याला मी ताठ झालो. आमच्या भागात घासाघीस न करणारा एक तर चोर असतो, नाहीतर नवा जावई. शिवाय वरून सूचना होती, की मुलांच्या नावाने अर्ज भरून शिष्यवृत्ती परस्पर दुसऱ्याच खात्यात वळवणारे दलाल फिरताहेत.

दुपारी साध्या वेशात सापळा लावला. माझा साधा वेश म्हणजे काय, मिशी तीच. केंद्रासमोर शेंगदाणे घ्यायला उभा राहिलो तर गाडीवालाच म्हणाला, "साहेब, कोणाला धरायचंय?"

गमजावाला आला आणि रांगेत शेवटी उभा राहिला. मी आमच्या होमगार्डला खूण केली. त्याने सगळ्या रांगेदेखत गमजा ओढला. आत साठीच्या घरातला, सोनेरी काडीचा चष्मा लावलेला, चांगल्या घरचा चेहरा निघाला. तो ओरडला नाही, पळाला नाही. फक्त दोन्ही हात तोंडावर घेतले. त्याला ताब्यात घेऊन ठाण्यात आणलं. रांगही मागोमाग फाटकापर्यंत आली.

कागद बी. फार्मसीच्या एका विद्यार्थिनीचे होते. चौकशी सुरू केली.

"नाव काय तुमचं?"

त्याने एक नाव सांगितलं. पुन्हा विचारलं तर दुसरंच. सराईत गुन्हेगार निदान एका खोट्यावर टिकून राहतो.

"ही मुलगी कोण? कागद चोरलेत का तिचे?"

त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "हां. चोरले. लिहून घ्या, साहेब."

आवाज न चढवता मिळालेली ती माझ्या नोकरीतली एकमेव कबुली. पेपरातल्या फोटोसाठी मी मनातल्या मनात मिशीला पीळ दिला.

"कुठून चोरले?"

"अंबडकडच्या एका सेठच्या घरातून. कपड्याचं दुकान होतं त्याचं. घराणं मूळ राजस्थानातलं, पण चार पिढ्या इथंच. शाळेत पंधरा ऑगस्टला पोरांना वह्या वाटायचा. गरिबाघरच्या पोरांची फी भरायचा. लई मान होता त्याला."

"होता म्हणजे? मेला का?"

"तसंच समजा, साहेब."

आता चोरीच्या जोडीला खून. मला पदक छातीवर टोचल्यासारखं वाटलं. तेवढ्यात टेबलावर ठेवलेला त्याचा फोन वाजला. मी स्पीकर लावला.

"पप्पा, ओटीपी अजून आला न्हाई, तुमचा नंबर लागला न्हाई का? मी या रसवंतीवर किती येळ बसू? आज शेवटची तारीख हाय. अर्ज राहिला तर मंग फी कुठून भरायची? कॉलेज सोडावंच लागंल मला."

मी कागदावरचं नाव घेतलं. "तूच का ही?"

"हां, मीच. तुम्ही कोण? पप्पा कुठं हायेत?"

समोरच्या माणसाने गमजा उचलला आणि पुन्हा तोंडाला गुंडाळायला लागला. चोर पकडला गेला की तोंड झाकतो. हा निर्दोष ठरल्यावर झाकत होता. मी मुलीला ठाण्यात यायला सांगून फोन ठेवला.

"सेठजी," मी म्हणालो, "पोरीचा अर्ज भरणं गुन्हा आहे का? चोरी कशाला कबूल केली?"

"चोर लोक विसरून जातेत, साहेब. बुडालेला सेठ कोणी विसरत न्हाई. आम्ही द्यायचं, घ्यायचं न्हाई, असं घरात चालत आलं. पोरगी कॉलेजात विचारून आली, की उत्पन्न कमी असलं तर खुल्या वर्गाच्या पोरांना बी फीत सवलत हाय. तहसीलचा दाखला काढला, पण अंबडात अर्ज भरायची हिंमत न्हाई झाली. थोरलीची सोयरीक चालू हाय. म्हणून दोन बसा बदलून इथं येतो. इथं मला बिलकुल कोणी ओळखत न्हाई."

ओळखत नव्हतं. आता सगळी रांग ओळखत होती, आणि ती ओळख मी करून दिली होती.

मुलगी धापा टाकत ठाण्यात आली. दोघांना घेऊन मी बाहेर निघालो आणि माझं जुनं हत्यार, म्हणजे थाप, काढलं. फाटकाबाहेरच्या गर्दीला ठणकावून सांगितलं, "हे वरच्या ऑफिसातले मोठे साहेब आहेत. वेश बदलून केंद्राची तपासणी करत होते. बाजूला व्हा." सेठजींनी मान वर केली. चष्मासुद्धा नीट केला. मला वाटलं, फेडलं आपण.

गर्दीसकट आम्ही केंद्रावर पोचलो. केंद्रवाला घाईघाईने उठून हात जोडायला लागला, तेव्हा मुलगी म्हणाली, "काका, बसा. हे माझे पप्पा हायेत. माझ्या फी सवलतीचा अर्ज भरायला आलोत आम्ही. ओटीपी मागवा, फोन माझ्याजवळ हाय." मग माझ्याकडे वळली. "पप्पांनी चोरी केली न्हाई, साहेब. मंग त्यांना लपवून कशाला राह्यले?"

रांगेत कोणी हसलं नाही. सेठजींच्या चेहऱ्यावरून घाम चालला होता. त्यांनी तो गमज्याने पुसला आणि गमजा खांद्यावर टाकला. मी खाली बघत होतो. माझ्या बुटावर शेंगदाण्याचं टरफल चिकटलं होतं, तेच पाहत राहिलो.

अर्ज गेल्यावर आमचा होमगार्ड, ज्याने गमजा ओढला होता तोच, हळूच मुलीजवळ गेला. "ताई, हे कोणाला बी मिळतं का? माझी पोरगी बारावीला हाय. दाखला काढायला गेलो तर लोक म्हणतील, खाकी घालून मागायला आला. म्हणून गेलोच न्हाई." तिने त्याला बाकावर बसवलं. उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेलं बँकखातं, दरवर्षीचं नूतनीकरण, एकेक समजावून सांगितलं. त्याच बाकाच्या टोकाला सेठजी बसले होते. ते सरकून त्याला जागा देत होते.

ठाण्यात परतलो आणि डायरीत 'खबर पडताळली, आक्षेपार्ह काही नाही' अशी नोंद केली.

या प्रकरणाने मला शिकवलं, की कबुली मिळाली म्हणजे खरं हाती लागलं असं नाही. घरची गरज सांगण्यापेक्षा चोरी अंगावर घेणं सोपं वाटणारी माणसं आपल्या शेजारीच राहतात. आणि त्यांचं तोंड उघडं पाडायला आपण नेहमी तयार असतो.

शिकवण घेतली, पण जीभ सुधारली नाही. निवृत्तीनंतर ही गोष्ट मी लग्नाच्या पंगतीत टोळी पकडल्याची म्हणून सांगत आलो. दरवेळी टोळीत दोन माणसं वाढायची. रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला मी आता ज्या दुकानात जातो, तिथे त्या होमगार्डची मुलगी काउंटरवर असते. परवा दुकानात गिऱ्हाईक पाहून मी टोळीची गोष्ट सुरू केली. तिने गोळ्या पुडीत घातल्या, पुडी माझ्या हातात ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "काका, गमजा माझ्या बापानं ओढला होता. मला ठावं हाय."