डावीकडून सहावी

आमच्या वाचनालयात तिला तिच्या नावानं कुणी हाक मारत नसे. देवघेवीच्या टेबलाशी बसायचं आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानावर परतीच्या तारखेचा शिक्का मारायचा, हे तिचं सत्तावीस वर्षांचं काम. म्हणून मुलांनी तिला तारीखताई म्हणायला सुरुवात केली, आणि मुलांचं ऐकून मोठेही तेच म्हणू लागले. मी तिथे ग्रंथपाल होते, पण माझ्याही तोंडात तेच बसलं. एकदा वरिष्ठांना पाठवायच्या पत्रात मी चक्क 'तारीखताई यांची रजा मंजूर करावी' असं लिहिलं होतं. नशीब, सही करताना नजरेस पडलं.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्या वाचनालयात शांतता नावालाही उरत नसे. सकाळी व्हरांड्यात गोष्टींचा तास, दुपारी वाचनकक्षात कागदाची खेळणी, बुधवारी मोठ्या बायका लहान मुलींना विणकाम शिकवायच्या. मुलं इतका गोंधळ घालायची की पेपर वाचायला येणारे पेन्शनर दोन महिने आमच्यावर रुसून असायचे. त्या वर्षी मी आणखी एक खूळ काढलं. दर शनिवारी लोकांनी घरातले जुने फोटो घेऊन यायचे. आम्ही त्यांची संगणकावर प्रत काढून घ्यायची, कोण, कुठे, कधी ते विचारून लिहायचं आणि फोटो लगेच परत द्यायचा. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी त्यातले निवडक मोठे करून भिंतींवर लावायचे, गावानं गावालाच बघायला. स्कॅनर जुना होता आणि माझ्या हाताला मुळीच दाद देत नसे. तारीखताईनं त्याच्या काचेवर नुसता फडका फिरवला तरी तो गुमान चालायचा. म्हणून ते काम तिच्याकडे गेलं.

पहिल्याच शनिवारी झुंबड उडाली. कुणी बिस्किटांच्या डब्यातून फोटो आणले, कुणी उशीच्या अभ्र्यातून. एक आजोबा त्यांच्या पहिल्या सायकलचा फोटो घेऊन आले. त्यात सायकल पूर्ण होती आणि आजोबा कमरेपर्यंतच. एका बाईंनी दबक्या आवाजात विचारलं, "यातून आमच्या ह्यांना तेवढं काढता येईल का?" ते 'हे' बाहेर व्हरांड्यातच उभे होते.

पण रांग काही पुढे सरकेना. मी जाऊन बघते तर तारीखताई प्रत्येक फोटो डोळ्यांजवळ धरून, कोपरान्‌कोपरा न्याहाळत बसलेली. फोटोतल्या नवरानवरीकडे तिचं लक्षच नव्हतं. मागच्या गर्दीत, दाराआड, खिडकीत काय आहे, ते ती बघत होती. मी थोडी चिडलेच.

"अहो, लोक ताटकळलेत. फोटो ठेवायचा, बटण दाबायचं, झालं. परीक्षा घेतल्यासारखं काय बघताय?"

तिनं फोटो काचेवर ठेवून बटण दाबलं. संध्याकाळी कुलपं लावताना मात्र आपण होऊन म्हणाली, "मॅडम, माझ्याकडे आईचा एकही फोटो नाही."

मला हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं एका खोलीत बसून मला ठाऊक नव्हतं. ती दोन वर्षांची असताना आई गेली, दादा तेव्हा सहा वर्षांचा. वडिलांनी घरातल्या फोटोंचं काय केलं ते कुणालाच कळलं नाही. आईचा विषय निघाला की ते तोंडात मिठाची गुळणी धरून बसत. पुढे तेही गेले.

"पण ती याच गावात राहिली ना, मॅडम," ती म्हणाली. "बाजारात गेली असेल. कुणाच्या तरी लग्नात मागे उभी राहिली असेल. कुणाच्या ना कुणाच्या फोटोत चुकून तरी आली असेलच की."

"पण ओळखाल कशी?"

"ओळखीन. दादानं सांगितलंय ना सगळं. हनुवटीवर उजव्या बाजूला तीळ होता. नाक लांब, पुढच्या दोन दातांत थोडी फट." हे सांगताना तिचा चेहरा असा उजळला की जणू आई समोरच्या खुर्चीत बसलीय. लहानपणी ती रोज दादाच्या खनपटीला बसायची, आई कशी होती सांग. दादा रोज थोडं थोडं सांगायचा. त्यातून तिनं एक अख्खा चेहरा तयार केला होता आणि पन्नास वर्षं जपला होता.

पुढच्या शनिवारपासून मी तिच्या शेजारी खुर्ची टाकली, नावं लिहायचं काम माझ्याकडे घेतलं आणि रांगेला म्हटलं, जरा धीर धरा.

पाचव्या शनिवारी शिवणबाई आल्या. एकेकाळी गावात त्या बायकांचा शिवणवर्ग चालवायच्या. आता वय शहाऐंशी, एका हातात काठी, दुसरा हात सुनेच्या खांद्यावर. त्यांनी पिशवीतून पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक मोठा फोटो काढला. वर्गाचं पहिलं वर्ष संपलं तेव्हाचा. अंगणात शिवणयंत्रांची रांग आणि त्यांच्यामागे ताठ उभ्या राहिलेल्या अकरा तरुण बायका. मी नावं लिहून घ्यायला फोटो उलटा केला. पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं ओळीनं नावं लिहिलेली होती. मी एकेक मोठ्यानं वाचत गेले. सहावं नाव वाचलं आणि शेजारी स्कॅनरचं झाकण धाडकन पडलं.

"पुन्हा वाचा," तारीखताई म्हणाली.

मी आडनावासकट पुन्हा वाचलं. तिनं माझ्या हातातून फोटो घेतला. बोटानं मोजत गेली. डावीकडून एक, दोन, तीन. सहावीपाशी बोट थांबलं ते हलेना.

दहा चेहरे सुईसारखे स्पष्ट होते. सहावीनं नेमकी त्या क्षणी मान वळवली होती. खांदे दिसत होते, दोन्ही हात दिसत होते, वेणी दिसत होती, एक कानही दिसत होता. चेहऱ्याच्या जागी मात्र नुसता फिकट फराटा.

"हिला मी दहादा बजावलं होतं," शिवणबाई म्हणाल्या, "तो जुनाट कॅमेरा, दहा आकडे मोजून होईपर्यंत हलायचं नाही म्हणून. दोनावरच हलली!" मग त्यांनी तारीखताईकडे पाहिलं, जरा पुढे वाकून पाहिलं. "तुझी कोण गं ती?"

"आई."

शिवणबाईंनी काठी टेबलाला टेकवून ठेवली. "धाकटी तू होय," एवढंच त्या म्हणाल्या.

"कशाला वळली असेल ती?" तारीखताईनं विचारलं.

"आता काय सांगू बाई? बावन्न वर्षं झाली त्याला."

शिवणबाई फोटो आमच्याकडेच ठेवून गेल्या आणि त्याच संध्याकाळी दादाला फोन गेला. शेजारच्या गावात त्याचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. रविवारी वाचनालय बंद असतं, पण मी किल्ली घेऊन आले. दादा घड्याळजीचं भिंग खिशात घालूनच आला होता. दुकानातून तसाच उठून आल्यासारखा दिसत होता, दोन दिवसांची दाढी वाढलेली. तारीखताईनं फोटो टेबलावर ठेवला, दिवा लावला आणि समोर बसली.

"बघ ना. तुला दिसेल. तुला चेहरा माहीत आहे, मला नाही. या फराट्यात तीळ कुठे येईल, सांग."

दादानं भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ तो वाकलेलाच राहिला. मग भिंग काढून टेबलावर ठेवलं. बहिणीकडे न बघता म्हणाला, "तीळ नव्हता."

"म्हणजे?"

"असेलही. मला माहीत नाही. मला चेहरा आठवत नाही, ताई. कधीच आठवत नव्हता." ती धाकटी असूनही तो तिला ताई म्हणायचा. "तू रोज विचारायचीस. मी तरी केवढा होतो? काहीतरी सांगितलं की तू झोपायचीस. तीळ त्या कोपऱ्यावरच्या दुकानदारीण काकूंचा. दात कुणाचे, आता मलाही सांगता येणार नाही. पुढे तू मोठी झालीस, तेव्हा खरं सांगायचं म्हटलं, पण मग जीभच उचलेना."

मी खिडकीपाशी उभी होते. तारीखताईनं फोटो कागदात गुंडाळला, दिवा मालवला आणि मला म्हणाली, "मॅडम, कुलूप लावायचं ना?"

त्यानंतर तीन आठवडे ती दादाशी बोलली नाही. तो वाचनालयात फोन करायचा. मी तिच्याकडे बघायची, ती हातानंच नाही म्हणायची. काम चोख चाललं होतं. गोष्टींच्या तासाला मुलांना गोल बसवणं, सांडलेला डिंक पुसणं, शिक्के मारणं, सगळं. फक्त शनिवारी फोटोंची रांग भराभर पुढे सरकू लागली. ती आता कोपरे बघत नव्हती. एकदा दुपारी चहा पिताना म्हणाली, "पूर्वी डोळे मिटले की आई दिसायची, मॅडम. आता मिटते तर तिथे ती दुकानदारीण येते. मग उघडते."

मी कप विसळायला उठले.

गुरुवारी दुपारी आमची अर्धी सुट्टी असे. त्या दिवशी ती शिवणबाईंकडे जाऊ लागली. म्हातारीला बोलायला कुणी हवंच होतं. पहिल्या दिवशी तारीखताईनं विचारलं, "दिसायला कशी होती?" तर शिवणबाई म्हणाल्या, "अगं, मी तिची शिलाई बघायची, चेहरा कशाला बघत बसेन?" पण मग एकेक निघत गेलं. कात्री जवळ असली तरी दोरा दातानं तोडायची, कितीही ओरडा. एकदा दोन्ही बाह्या डाव्याच शिवल्या आणि स्वतःच इतकी हसली की सगळा वर्ग कामाला मुकला. उसवायचं काम आलं की मात्र एकदम गप्प व्हायची. धाकटीला पायाशी दुपट्यावर निजवायची, थोरला यंत्राखाली बसून चिंध्या गोळा करायचा. तारीखताई हे मला शुक्रवारी सकाळी येऊन सांगायची, ऐकलं तसंच्या तसं, स्वतःचं काही न घालता.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी प्रदर्शन लागलं. मुलांनी केलेल्या कागदी पक्ष्यांच्या माळा वर, खाली भिंतभर फोटो. लोक आपापल्या आजीपणजीसमोर उभे राहून एकमेकांना दाखवत होते, नाकं जुळवत होते. शिवणवर्गाचा फोटो मी दाराजवळच्या भिंतीवर लावला होता, चांगला दोन हात रुंद करून.

दुपारी गर्दी ओसरल्यावर दादा आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. बहिणीकडे गेला नाही, सरळ फोटोपाशी गेला आणि चेहऱ्याच्या उंचीवर न थांबता हळूहळू खाली वाकला, पार गुडघ्यांवर बसला. यंत्रांच्या लोखंडी सांगाड्यांमधून त्या अकरा जणींचे अनवाणी पाय दिसत होते. चपला भिंतीशी काढून ठेवलेल्या. त्यानं भिंग लावलं.

तारीखताई टेबलामागून बघत होती. शेवटी उठून त्याच्यामागे जाऊन उभी राहिली.

"हे मी रचून सांगत नाही," दादा मागे न वळता म्हणाला. "मी यंत्राखाली बसायचो, तिथून तिचे पायच दिसायचे. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब होतं. यंत्राचं पायडल चालवताना ते वर उचललेलं असायचं. हे बघ. हे खरंय. एवढंच खरं आहे माझ्याकडे."

ती वाकली. त्याच्या हातातून भिंग घेऊन तिनं बघितलं. सहावीचे पाय अजिबात हलले नव्हते. मग तिनं भिंग परत दिलं आणि उभ्या उभ्याच उजवा पाय चपलेतून काढून फरशीवर ठेवला.

दादानं त्या पायाकडे बघितलं. "हं," तो म्हणाला. "तसंच." आणि गुडघ्यांवर बसल्याबसल्याच त्यानं तोंड ओंजळीत लपवलं.

"ऊठ आता," ती म्हणाली. "मुलं बघतायत."

त्या दिवसापासून त्यांचं बोलणं सुरू झालं. दादा कधी कधी गुरुवारी दुकान बंद ठेवून तिच्याबरोबर शिवणबाईंकडे जाई. तिथे तो फारसं बोलत नसे. न आठवणारं आठवतंय असं तर मुळीच म्हणत नसे. हिवाळ्यात शिवणबाई गेल्या. त्यांच्या सुनेनं तो मूळ फोटो पुठ्ठ्यासकट तारीखताईला आणून दिला.

फोटो छापणाऱ्या दुकानातल्या मुलीनं तिला सुचवलं होतं, "तुमचा आणि तुमच्या भावाचा चेहरा घेऊन संगणकावर तुमच्या आईचा चेहरा तयार करून देते. अगदी खरा वाटेल." तारीखताईला मोह झाला नाही असं नाही. दोन दिवस तिनं विचार केला. मग जाऊन नको म्हणून सांगून आली. "एकदा खोटा चेहरा सांभाळून झालाय," मला म्हणाली. "आता पुन्हा नको. गेला की फार लागतं."

गेल्या वर्षी ती निवृत्त झाली. परवा मी तिच्या घरी गेले होते. दोन खोल्या, लख्ख आवरलेल्या, खिडकीत वाळत घातलेले टॉवेल. भिंतीवर फोटो दिसला नाही म्हणून मी विचारलं.

"कपाटात आहे," ती म्हणाली. "भिंतीवर लावून बघितला होता. चार दिवस ठेवला. पण जाता-येता एकच दिसायचं, की ती दुसरीकडेच कुठेतरी बघतेय."

तिनं कपाट उघडून दाखवलं. घड्या घातलेल्या कपड्यांवर फोटो आडवा ठेवला होता. ती दोन बोटांनी फोटोतल्या वेणीवरून हलकेच हात फिरवत होती, काचेची धूळ पुसतात तशी, पण फोटोवर काच नव्हती.

"कुणीतरी हाक मारली असेल का हो, मॅडम?" तिनं विचारलं.

"असेल," मी म्हटलं.

"कुणी मारली असेल?"