पाठीवरचे दोन धपाटे

वजन उचलायला शिकवणाऱ्या मास्तरांचं एकच म्हणणं होतं: माणूस पेटल्याशिवाय बार हलत नाही. समोर कोणी का असेना, स्टेजवर पाठवायच्या आधी नाकाशी झोंबऱ्या वासाच्या अमोनियाची बाटली, पाठीत दोन सणसणीत धपाटे आणि वर "खाऊन टाक त्याला!" अशी आरोळी. सुस्त पोरं त्याने खरंच चेकाळायची आणि उचलायची. मग काय, मास्तरांचा विश्वास जो बसला तो बसलाच. तीस वर्षांत घसा गेला, गुडघे गेले, धपाटे तेवढे राहिले.

सिस्टर मात्र वेगळ्या मातीची. दवाखान्यात नर्स, म्हणून मास्तरांचा सगळा व्यायामाचा हॉल तिला सिस्टर म्हणायचा. ड्युटी संपवून रमतगमत यायची, जांभई द्यायची आणि नव्वद किलो सहज डोक्यावर न्यायची. स्पर्धेत तेच नव्वद हातातून निसटायचं.

"मास्तर, मला नका हो मारू," तिने एकदा सांगून पाहिलं. "छाती धडधडायला लागली की माझ्या हातांचं काही खरं नसतं."

"घाबरतेस, म्हणून तर पेटवतो!" मास्तर म्हणाले. झालं, विषय संपला. त्यांच्यापुढे कोण तोंड उघडणार?

चार वर्षं, चार स्पर्धा, चारही वेळा हात हलवत परत. यंदा संघात निवड झाली नाही तर खेळ सोडायचा, असं ती घरी कबूल करून आली होती.

निवडीच्या स्पर्धेत प्रत्येकीला तीन संधी. पहिल्या वेळी धपाटे खाऊन गेली आणि घाईघाईत बार पुढेच पडला. दुसऱ्या वेळी मास्तरांनी दुप्पट जोर लावला. बार वर गेला, पण कोपरं लटपटली आणि पंचांनी तो बाद दिला. आता एकच संधी उरली.

मास्तर सकाळपासून उभे होते. हात उगारायला गेले तर खांद्यात अशी कळ आली की ते बाकावर मटकन बसले. आरोळीही निघेना.

"काय झालं मास्तर?"

"काही नाही गं. दमलो. तू जाऊन ये."

नाव पुकारायला दोन मिनिटं होती. सिस्टर शेजारी बसली, त्यांना पाणी दिलं, सवयीने मनगट धरून नाडी मोजली. "ठीक आहे, पडून राहा जरा," म्हणाली आणि पेशंटची कूस बदलायला निघावी तशी स्टेजवर गेली. बार छातीवर, एक श्वास, बार डोक्यावर. कोपरं हलली नाहीत. तिन्ही पंचांचे पांढरे, म्हणजे पास केल्याचे दिवे लागले. निवड पक्की!

ती रडत-हसत धावत आली. "मास्तर, आधीच का नाही हो दमलात?"

सगळे खो खो हसले. मास्तरही हसले. पण ते हसू त्यांच्या तोंडावर फार टिकलं नाही. हिची चार वर्षं आपण खाल्ली, हे त्यांना लख्ख कळलं. आणि हिच्या आधीही शांत स्वभावाची किती पोरं त्यांनी शेळपट म्हणून हॉलमधून घालवली होती. बाकावर पडल्या पडल्या त्यांना त्या पोरांची तोंडं एकेक करून आठवायला लागली.