चौथ्या दिवसाचा रोडगा

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. गावात ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बायकासुद्धा माझ्या ओट्यावर हळू आवाजात बोलतात. नवरा वारल्यावर मी शिलाई मशीन घेऊन माहेरी परत आले, तेव्हा घरात दोनच जीव होते, वडील आणि त्यांचं कुत्रं. वडिलांना मी आबा म्हणते. आबांनी उभा जन्म मेंढरांमागं काढला. गुडघे गेले तशी मेंढरं विकली, शेत बटाईनं दिलं. कुत्रं मात्र त्यांनी कुणाला दिलं नाही. काळं, उंच, एका कानाचा लचका लांडग्यानं तोडलेला. आबा त्याला नावानं कधी हाक मारत नसत. जीभ टाळूला लावून टक्क असा आवाज काढायचे आणि ते कुठूनही यायचं. मला ते ओळखायचं, पण ऐकायचं नाही. आमचं दोघांचं सवतीसारखं होतं.

त्या साली दिवाळीनंतर आमच्या गोडेतेलाच्या डब्याचं झाकण हरवलं. मी दाणे काढलेलं मक्याचं कणीस घेतलं, एक टोक कात्रीनं तासून निमुळतं केलं आणि डब्याच्या तोंडात ठोकून बसवलं. आमच्याकडं निम्म्या घरांत असंच बूच असतं. दोन-तीन आठवड्यांत ते तेल पिऊन मऊ पडलं, तसं मी दुसरं तासलं आणि जुनं मागच्या दारानं सरपणाच्या ढिगावर भिरकावलं. फेकताना एवढासुद्धा विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी कुत्रं ओकलं. तिसऱ्या दिवशीही ओकलं. लग्नसराई तोंडावर होती, माझ्याकडं ब्लाउजांचा ढीग. आबा म्हणाले, "याला कायतरी झालंय." मी मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "कुठंतरी उकिरड्यात तोंड घातलं असंल. ताक पाजा." ताक पाजलं, ते तसंच बाहेर आलं. उद्या बघू, उद्या बघू करत मी आणखी दोन दिवस घालवले. मग ते पाठीची कमान करून भिंतीशी उभं राहायला लागलं. बसेना. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, डोळे आत गेलेले. आबांनी टक्क केलं तर त्यानं फक्त तुटका कान हलवला.

शेजारचा पिकअपवाला मोसंबी घेऊन जालन्याला निघाला होता. त्याच्या क्रेटांमध्ये जागा करून आम्ही कुत्रं निजवलं. नवीन जालन्यात स्टेशनच्या मागच्या गल्लीत, बियाण्यांच्या दुकानांच्या पाट्यांमध्ये एक जनावरांचा खासगी दवाखाना आहे. डॉक्टर तरुण. पोटावरून यंत्र फिरवून म्हणाले, "आतड्यात काहीतरी अडकलंय. आत्ता पोट उघडावं लागेल. उद्यावर टाकलं तर उघडून उपयोग नाही." कागदावर आबांनी अंगठा दिला. माझं ‘उद्या बघू’ माझ्याच तोंडावर आपटलं.

अडीच तासांनी डॉक्टर स्टीलचा ट्रे घेऊन बाहेर आले. ट्रेमध्ये बोटभर लांबीचा काळपट तुकडा होता. एका टोकाला चार तिरके काप. ते काप माझ्या कात्रीचे होते. पंचवीस वर्षं कापड कापते आहे, माझा हात मला ओळखू येणार नाही का? अजून त्याला तेलाचा वास होता. तोंडातून खोटं निघून गेलं. "मळणीच्या ढिगातलं उचललं असंल त्यानं." आबांनी ट्रेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले.

"चार बोटं आतडं काळं पडलं होतं," डॉक्टर म्हणाले. "तेवढं कापून दोन टोकं जोडली. ऑपरेशन झालं, पण धोका टळलेला नाही." मी शिवणकाम करते हे कळल्यावर त्यांनी माझ्याच भाषेत समजावलं. कापडाला टाका घातला की तो त्याच घडीला धरतो. आतड्याचं तसं नाही. पहिले दोन दिवस नुसता दोरा धरून असतो, आतलं मांस मात्र मऊ पडत जातं. तिसऱ्या ते पाचव्या दिवसात जोड सगळ्यात कच्चा असतो. तेव्हा सुटला तर आतली घाण पोटात पसरते, आणि मग जनावर हाताला लागत नाही. "या दिवसांत याच्या पोटात मी सांगितल्याशिवाय काही जाता कामा नये. पातळ पेज, बिनमिठाची, चार-चार चमचे. भाकरीचा तुकडा नाही. तिखट, कांदा, लसूण बिलकुल नाही. जखम चाटू द्यायची नाही, पळू द्यायचं नाही. ओकलं, मलूल पडलं, अंग तापलं, पोट फुगलं किंवा हात लावल्यावर कण्हलं, तर वाट बघू नका. घेऊन या."

एक रात्र त्याला तिथं ठेवून दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आणलं. मी माझा जुना परकर उसवून त्याला अंगरखा शिवला, चार पाय बाहेर, पोट झाकलेलं, पाठीवर नाड्या. गावातल्या बायका हसल्या. मी त्यातल्या एकीकडं असं पाहिलं की ती ब्लाउजाचं माप न देताच गेली. दर तीन तासांनी पेज. सकाळ-संध्याकाळ मापाच्या टेपनं पोटाचा घेर मोजायचा आणि खडूनं दारावर लिहायचा. ओठ वर करून हिरड्या गुलाबी आहेत का बघायचं. लघवीला न्यायचं तर पोटाखालून टॉवेल घालून, एकेक पाऊल. देवाशी माझं फारसं पटत नाही, पण त्या दिवसांत टेप गुंडाळताना मी रोज म्हणायचे, एक इंच वाढू देऊ नको रे बाबा.

ऑपरेशननंतरचा चौथा दिवस नेमका चंपाषष्ठीचा निघाला.

आमचं घर खंडोबाचं. त्या दिवशी वांग्याचं भरीत आणि निखाऱ्यावर भाजलेला जाड रोडगा होतो, तळी उचलतात, आणि पहिला घास देवाच्या कुत्र्याचा. कुत्र्यानं खाल्ल्याशिवाय घरातलं कुणी तोंडात काही घालत नाही. आबांच्या हयातीत हा घास कधी चुकला नव्हता. मेंढरं रानात असली तरी आबा तीन दगड मांडून रोडगे भाजायचे आणि आधी कुत्र्यांना घालायचे. भिंतीवर खुंटीला आजोबांचा लाकडी कोटंबा अजून टांगलेला आहे. आजोबा खंडोबाला वाहिलेले वाघ्या होते. त्या पसरट भांड्यातला प्रसाद ते देवाचं कुत्रं होऊन, भुंकत, हात न लावता खायचे, असं आबा सांगायचे. मी ते कधी पाहिलं नव्हतं.

सकाळी आबा रोडग्याचं पीठ मळायला बसले तशी मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"आबा, याला घास घालायचा न्हाई. सांगून ठेवते."

"देवाचा हाय तो."

"देवाचा असू दे न्हाई तर देवाच्या बापाचा. भरितात मिरची हाय, कांद्याची पात हाय. डॉक्टर काय म्हन्ले ते ऐकलं ना?"

आबा पीठ मळत राहिले. मळता मळताच म्हणाले, "जनमभर चुकला न्हाई. आन् ह्याच साली, हे असं पडल्यावर चुकवू?"

"माझी शपथ घ्या."

पिठाचा हात त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला. "न्हाई घालत. तुझी शपथ."

उलटीची गोळी संपली होती, ती आणायला मला कुंभार पिंपळगावच्या मेडिकलवर जाणं भाग होतं. जाताना मी तीनदा वळून पाहिलं. दोन तासांत परत आले. अंगणात भंडारा सांडलेला, तळी उचलून माणसं गेलेली. कुत्रं पडवीत पोत्यावर होतं. आणि पोत्याच्या कडेला, त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर, रोडग्याचा चुरा पडला होता. भरिताचा एक ओघळ जमिनीवर होता, पुसायचा राहिलेला.

मी चुरा चिमटीत उचलला तोच कुत्र्याचं अंग पिळवटलं आणि ते ओकलं.

त्यानंतर मी काय काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. थोडं लिहिते, कारण ते माझं पाप आहे. आबा दाराशी उभे होते, कपाळाला भंडारा, मिशीला काहीतरी चिकटलेलं, धोतराचे गुडघे मातीनं भरलेले. मी ओरडले, "खोटी शपथ घेतली तुमी! माझ्या डोक्यावर हात ठेवून! तुमचा घास चुकू न्हाई म्हनून त्याचा जीव घेतला. आता बसा तुमच्या देवाला घेऊन!" गल्ली गोळा झाली. मी कुत्र्याच्या पोटाला टेप लावली, आणि आकडा न वाचताच टाकून दिली. अंग तव्यासारखं लागत होतं.

पिकअपवाल्याला जेवणावरून उठवलं. आबा गाडीत चढायला आले तर मी फाळका लावून घेतला. "तुमी नका येऊ." सबंध वाट मी कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन मागं बसले होते. पाच वर्षं मी त्याला हाड-हाड केलं होतं, आणि आता त्याच्या नाकपुडीपुढं बोट धरून श्वास मोजत होते. रस्त्यात एकदा मला वाटलं, थांबला. मी रडत त्याच्या कानात म्हणाले, "मी फेकलं होतं रे ते. मीच." जगात पहिल्यांदा ते कुणाला तरी सांगितलं, तेही ज्याला कळत नाही त्याला.

डॉक्टरांनी पोट बोटांनी दाबून दाबून पाहिलं, यंत्र फिरवलं, रक्त काढलं. मी म्हणाले, "रोडगा खाल्लाय त्यानं. भरीत खाल्लंय." ते ओकारीनं भिजलेला अंगरखा बघत होते. त्यावर नुसता पिवळा फेस होता.

"ताई, याच्या पोटात रोडगा-बिडगा काही गेलेला नाही. सकाळच्या पेजेशिवाय काही नाही. जोड धरून आहे, पोटात पाणी नाही." मग त्यांनी अंगरख्याची मागची नाडी दाखवली. ती सुटली होती. कुत्र्यानं जखमेचं खालचं टोक चाटून चाटून लाल केलं होतं, ताप त्याचा होता आणि ओकारी गोळी चुकल्यामुळं. "वेळेवर आणलंत. आणखी दोन दिवस डोळ्यात तेल घालून बघा, आणि हे परत चाटणार नाही असं करा." त्यांनी सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं, गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं बसवलं.

नाडी मीच बांधली होती. घाईत, मेडिकलला निघताना.

परतताना कुत्रं मागं पोत्यावर झोपलं होतं आणि मी पुढं पिकअपवाल्याशेजारी बसले होते. तळी उचलायला पाच जण लागतात, त्यात तो होता. जालना मागं पडल्यावर म्हणाला, "ताई, तू लै बोलली आबाला. त्यानं न्हाई घातला घास."

"मंग चुरा कुठला?"

"त्यानंच खाल्ला. खुंटीवरचा कोटंबा काढला, त्यात रोडगा-भरीत कालवलं, कुत्र्याजवळ ठेवला आन् हातापायावर बसला. म्हन्ला, औंदा देवाचं कुत्रं मी. भुंकला बी. पयल्यांदा आमाला हसू आल्तं. मंग कोनीच हसलं न्हाई. त्याचे गुडघे तुला म्हाइतच हायेत. उठता येईना, आमी दोघांनी धरून उठवला."

मला धोतराचे गुडघे आठवले. मिशीला चिकटलेलं आठवलं. मी काचेबाहेर पाहत बसले. मोसंबीच्या बागा मागं जात होत्या आणि मला त्या सगळ्या पाण्यात दिसत होत्या.

घरी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. आबा ओट्यावर बसले होते. कुत्र्याला उतरवून पडवीत ठेवलं. आबांनी टक्क केलं. नरसाळ्यातून त्यानं डोकं वर उचललं आणि शेपटी पोत्यावर दोनदा आपटली. आबांच्या गालांवरून पाणी ओघळलं. ते त्यांनी पुसलंही नाही.

पेज करायला मी चुलीशी गेले. कोपऱ्यात तेलाचा डबा होता. त्याला मी तासलेलं नवं कणीस नव्हतंच. तोंडात चिंधीचा बोळा घट्ट बसवलेला, तो बोळा लोकरीच्या दोऱ्यानं आवळून बांधलेला. ती गाठ मेंढक्यांची, कोकराच्या गळ्यात घंटा बांधतात ती. गाठ तेल पिऊन काळपटली होती. म्हणजे जालन्याहून परत आलो त्याच दिवशीची. तीन दिवस मी त्याच डब्यातून पळीत तेल ओतत होते, बोळा काढत होते, घालत होते, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता.

मी बाहेर आले, त्यांच्या पायांशी खाली बसले. "आबा, ते बूच माझं व्हतं. मी फेकलं."

"म्हाइत हाय."

"मंग बोलले काहून न्हाई? मी एवढं तोडून बोलले तवा तरी?"

आबा कुत्र्याकडं बघत होते. "बोललो असतो तर तू जेवली नसती," ते म्हणाले. "घरात एक उपाशी बस झाला."