पाडसाचा आवाज

आज इथे नंदनवन वस्तीत शेजाऱ्यांकडे शेळीचं पिल्लू ओरडलं आणि मला लग्नाच्या वर्षीचं उमरेडचं जंगल आठवलं. शिकारीवर बंदी यायची होती. मोहाच्या फुलांचा उग्र वास सुटला होता. नवऱ्यानं एका हरणीवर नेम धरून धनुष्य ताणलं, पण ती चालतच राहिली. मग त्यांनी घशातून पाडसासारखा बारीक आवाज काढला. ती थांबली, मान वळवून शोधू लागली. तेवढ्यात बाण लागला.

"काहून थांबली जी ते?" मी विचारलं.

"माय आहे नं वं ते," ते हसले. "लेकरू रडलं का थांबतेच."

मला तेव्हा त्यांचं कौतुक वाटलं.

पुढे एकदा मार खाऊन मी एकटीच माहेरी, मौद्याला निघाले. त्यांनी मला अडवलं नाही. पाळण्यातल्या मुलीला चिमटा काढला. मी दारातूनच परत फिरले.