उसवकाकू

उसवकाकूंमुळे मी शिकले, हे आधी लिहून ठेवते. काय शिकले ते मागाहून येईलच. त्यांचं खरं नाव वेगळं होतं. पण दुपारी त्यांच्याकडे क्रोशा शिकायला जाणाऱ्या आम्ही चौघी आपसांत त्यांना उसवकाकूच म्हणायचो. कोणी काहीही विणून पुढे केलं की त्या ते पहिल्यांदा उलटं करत, मागच्या बाजूवरून अंगठा फिरवत आणि म्हणत, "उसव." आवाज चढलेला नसे. चहा गाळताना 'साखर दे' म्हणावं, तसं. एकदा एक जण कुरकुरली, "अहो काकू, पुढून तरी बघा!" तर म्हणाल्या, "पुढून सगळेच बरे दिसतात हो. लग्नाचे फोटो आठवा."

मी वाशीमकडची. नववीत गणितात दोनदा नापास झाले, तेव्हा घरच्यांनी पुरे म्हटलं. ओळखीच्या एका मावशींनी कर्वेनगरातल्या मुलींच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला आणून सोडलं. दुपारी दोन ते चार मोकळे. या एवढ्या मोठ्या शहरात त्या दोन तासांचं काय करायचं ते कळेना, म्हणून पायरीवर बसून मी मफलर विणायची. आईनं दोनच टाके शिकवले होते, साखळी आणि खांब. मफलरीला तेवढं पुरतं. टोकापर्यंत जायचं, परत फिरायचं. चुकायची भीती नाही.

काकू समोरच्याच सोसायटीत तळमजल्यावर एकट्या राहायच्या. एक दिवस भाजीची पिशवी घेऊन जाताना थांबल्या.

"कितवी ही?"

"आठवी."

"आठवी मफलर. आणि तू अजून तिथंच." पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाल्या, "उद्या दुपारी ये समोर. मफलर इथंच ठेवून ये."

पहिल्या आठवड्यात त्यांनी मला फक्त गोल विणायला लावला. माझा गोल काही केल्या सपाट पडेना, वाटीसारखा वर यायचा. मी रडकुंडीला येऊन विचारलं, "काकू, हे असं काहून होते?"

"काहून नाही, तू दोरा आवळतेस म्हणून. कोणी हिसकावून नेणार आहे का? पुण्यात चोऱ्या होतात, पण लोकरीच्या नाही ऐकल्या."

दोरा सैल झाला, तरी मोजणी चुकायचीच. गोलात प्रत्येक फेरीला ठरावीक जागी टाके वाढवावे लागतात. मध्ये कुठे वाढवायचं राहिलं की मी फेरीच्या शेवटी दोन-तीन टाके कोंबून आकडा जुळवायची. शाळेतही उत्तर मागे बघून मधलं गणित भरायची, तसंच. पण काकूंचा अंगठा बरोबर तिथंच येऊन थांबे. "इथं काय लपवलंयस?" मग उसवणं आलं. दोन दिवसांचं काम ओढताना माझा चेहरा पडायचा. "लोकर कुठं गेली नाही, तुझ्याच मांडीवर आहे," त्या म्हणायच्या आणि सुटलेला दोरा गुंडाळायला स्वतः घ्यायच्या. शिकणारणीनं उसवायचं, काकूंनी गुंडाळायचं, असा त्या घरातला रिवाजच होता.

खरी धडकी भरली ती कागदाची. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्या नमुने काढून ठेवत. बिंदू म्हणजे साखळी, उभी काडी म्हणजे खांब. तसा एक कागद त्यांनी माझ्यासमोर ठेवला, तर मी म्हटलं, "काकू, मला कागदावरचं नाही जमत. तुम्ही करून दाखवा, मी बघून करते."

"आणि मी नसेन तेव्हा कोणाचं बघशील?" मग म्हणाल्या, "यात एक तरी अक्षर आहे का? नाही ना? मग घाबरतेस कोणाला?"

महिनाभर बोट ठेवून ठेवून तो कागद वाचला. त्यावरून विणलेला रुमाल चार वेळा उसवला. पाचव्यांदा तो टेबलावर सपाट पडला, चारी बाजूंनी. मी त्याच्याकडे बघतच बसले. काकू म्हणाल्या, "पुढचा कागद कपाटात आहे."

नंतर काकूंच्या मुलीला बाळ झालं, बंगळुरात. काकूंनी तिकडेच राहायला जायचं ठरलं. बारशासाठी त्या आठ पाकळ्यांची गोल शाल विणत होत्या. वीस फेऱ्या झाल्यावर अचानक ती माझ्या हातात दिली. "पुढचं तू कर. मला आवराआवरी आहे. आठ दिवसांत हवी." मला तर हातात बाळच दिल्यासारखं झालं.

मी तीन फेऱ्या विणल्या आणि शालीची एक बाजू वाटीसारखी वर आली. माझंच चुकलं असणार, म्हणून तिन्ही उसवल्या. पुन्हा विणल्या, पुन्हा तेच. तेव्हा शालीच्या नमुन्याचा कागद घेऊन अगदी मधल्या टाक्यापासून मोजायला बसले. चौदाव्या फेरीत एका पाकळीचे टाके वाढवायचे राहिले होते. तिथून पुढे ती पाकळी दर फेरीला मागेच पडत गेली होती. आणि चौदावी फेरी माझी नव्हती.

दोनदा मोजलं. मग एकेक आठवायला लागलं. हल्ली काकूंचा चहा कपाबाहेर सांडायचा. आमचं काम त्या उजेडाकडे नेईनाशा झाल्या होत्या, नुसता अंगठा फिरवायच्या.

पुढच्या फेरीत चार टाके कोंबले असते तर भागलं असतं. त्यात माझा हातखंडा. बाळाच्या अंगावर कोणाला दिसणार? आणि नववी नापास मी, काकूंची चूक काढणार? त्या दुपारी मी गेलेच नाही. पायरीवर शाल मांडीवर घेऊन बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी गेले.

"काकू, उसवावं लागेल."

"मग उसव. विचारतेस काय?"

"चौदाव्या फेरीपासून."

त्यांनी हात पुढे केला. मी शाल उलटी करून दिली. अंगठा एकेका पाकळीवरून गेला आणि त्या पाकळीपाशी थांबला. बाकीच्या तिघी आपापल्या सुईत डोकं घालून बसल्या.

"केव्हा कळलं तुला?"

"काल."

"आणि काल आली नाहीस."

"हिंमत नाही झाली."

"हं." त्यांनी शाल मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, "सहा महिने झाले, बारीक दिसत नाही. मुलीला बोलले नाहीये. अंगठ्यावर निभावत होते." सुटा दोरा त्यांनी चाचपून हातात घेतला. "बघत काय बसलीस? ओढ तू. मी गुंडाळते."

माझ्या तीन आणि मग त्यांच्या सात फेऱ्या मी उसवल्या. त्यांनी गुंडाळल्या. गुंडा पुरा झाल्यावर त्यांनी मुलीला फोन लावला आणि डोळ्यांचं सांगून टाकलं.

निघायच्या आदल्या दिवशी शाल पुरी करून दिली. त्यांनी ती उलटी केली, अंगठा पहिल्या फेरीपासून शेवटपर्यंत नेला. मी त्या एका शब्दाची वाट बघत उभी. त्या म्हणाल्या, "घडी घाल."

त्यांच्या सुया आणि कॅलेंडरचे कागद आता माझ्या पत्र्याच्या पेटीत आहेत. पाठकोरी कॅलेंडरंही जमवलीत, त्यावर मी माझे नमुने काढते. सध्या एक शाल चालू आहे, काकूंसाठी. दर पाकळीच्या कडेला एक उठावाचा खांब ठेवलाय, अंगठ्याला लागेल असा. एकदा बंगळूरला जाऊन ती त्यांच्या हातात देणार आहे, मागची बाजू वर ठेवून. त्या "उसव" म्हणाल्या तर तिथंच बसून उसवीन. गुंडाळायला त्या आहेतच.