पाय काढला की बंद

मेलेलं माणूस स्वप्नात येतं ते मागे राहिलेल्यांना वाट दाखवायलाच, असं जाणती माणसं सांगतात. हिंदुराव पाटोळे आले ते बायकोच्या कामाला नावं ठेवायला.

वेळ दुपारची, जेवणानंतरची. झोप म्हणावी तर डोळे अर्धे उघडे, जाग म्हणावी तर मान कलंडलेली. शालन अंगणात उभ्या असलेल्या ट्रकमध्ये डायवरच्या जागेवर बसली आहे, उजवा पाय ॲक्सिलरेटरवर. सकाळी तिने स्वतःच्या हाताने डिझेलचा फिल्टर बदलला आणि तेव्हापासून गाडीने एकच हट्ट धरला आहे. पाय दाबून ठेवला तर चालते. पाय काढला की दोन आचके देऊन बंद.

उद्या सकाळी गाडी वीटभट्टीवर दाखवायची आहे. तिथला मुकादम बाकी काही तपासत नाही. गाडी चालू ठेवून खाली उतरा म्हणतो, आणि तंबाखू मळत ऐकत राहतो. उभ्या उभ्या बंद पडली, तर यंदाच्या विटा संपतच्या ट्रकमधून जाणार. संपत म्हणजे शालनचा धाकटा दीर. त्याचा ट्रक शेजारच्याच अंगणात, आंघोळ घातल्यासारखा स्वच्छ, वाट बघत उभा आहे.

म्हणून शालन पाय दाबून बसली आहे. इंजिनाची थरथर बुडाखालून मणक्यात चढते, मणक्यातून मानेत, आणि मानेतून पापण्यांवर येऊन बसते.

"कुठल्या गाढवानं हात लावला गाडीला?"

क्लीनरच्या जागेवर हिंदुराव बसलेत. नवं धोतर, कपाळाला बुक्का, नाकात कापूस. कापसामुळे आवाज जरा गेंगाणा येतो.

"मी लावला," शालन म्हणते.

"तरीच."

बाईचा हात लागला की इंजिन बिथरतं, हा हिंदुरावांचा स्वतःचा शोध. शालनचा सगळा संसार गाडीखालून बाहेर आलेल्या त्यांच्या हातात पाने देण्यात गेला. कुठला पाना लागणार हे तिला आधीच कळायचं, आणि कळतंय हे दाखवायचं नाही, हेही कळायचं.

"पंप खोलावा लागंल," हिंदुराव म्हणतात. "तुझ्यानं व्हायचं न्हाई. संपतला बोलव."

संपतचं नाव निघतं आणि टायरांखाली पाणी येतं. गाडी नदीच्या घाटावर उभी आहे. याचं कुणालाच काही वाटत नाही. दहावा चाललाय. पिंड मांडलाय आणि कावळा शिवत नाही. भाऊबंद एकेक शब्द देऊन बघतायत. घरावर पत्रा घालू म्हणतात, वहिनीला अंतर देणार नाही म्हणतात. कावळा ढिम्म. मग संपत पुढे होतो, हात जोडतो, म्हणतो, "दादा, गाडीचं मी बघतो," आणि कावळा झडप घालून भाताचा घास नेतो. झालं. गावाने कागद न करता गाडी संपतच्या नावावर करून टाकली.

"त्याच्याच बोलण्याला बरं शिवलात?" शालन विचारते. हे तिला फार दिवसांपासून विचारायचं होतं. माणूस तेवढं हाताशी नव्हतं.

"मी कुठं शिवलो? मी त्या दिवशी हितं गाडीच्या टपावर बसून हुतो. त्यो कावळा दुसऱ्याच कुणाचा तरी."

"कुणाचा?"

"मला काय म्हाईत? कावळं काय नाव सांगून बसत्यात?"

म्हणजे जाऊबाई इतके दिवस हापशावर ज्या कावळ्याचा दाखला देत होती, तो कावळा परका निघाला. शालन पाय दाबते. इंजिन किंचाळतं. हिंदुराव कान झाकायला जातात, पण हात कानांपर्यंत पोचत नाहीत. तिरडीवर जुळवून बांधलेले, ते कुणी सोडलेच नाहीत.

"कमी कर!"

"ऐक," शालन म्हणते.

"काय म्हणालीस?"

"ऐक म्हणाले. तू."

देवाला एकेरी चालतं, मेलेल्याला न चालायला काय झालं?

गाडी आता दवाखान्याच्या वॉर्डात उभी आहे. आरशाला सलाईनची बाटली टांगलेली. शालन पाय जरा सैल करते. इंजिन आचका देतं आणि हिंदुराव कळवळतात. ती पुन्हा दाबते. पुन्हा सैल करते. याच वॉर्डात, याच माणसाने शेवटच्या शुद्धीत 'गाडीची चावी संप्याकडं दे' म्हटलं होतं. 'तू जेवलीस का' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"तिचा ठोका चुकतोय, शालन. मला ऐकवत न्हाई. बंद कर."

"नीट सांग."

"बंद कर की!"

"नीट."

हिंदुराव सलाईनच्या बाटलीकडे बघतात. तिथून काही मदत येत नाही.

"बंद करा, शालनबाई."

अख्ख्या संसारात न मिळालेलं ते 'करा' शालन तोंडात घोळवते, खडीसाखरेसारखं. आणि पाय आणखी दाबते.

आता गाडी स्वयंपाकघरात आहे, चूल बॉनेटखाली, आणि दारात संपत आणि जाऊबाई उभे राहून बघतायत, हे एक बरं झालं. कारण हिंदुरावांचा धीर सुटलाय. शालनचा पाय ॲक्सिलरेटरवरून ओढून काढायला ते गिअरवरून आडवे वाकतात, बांधलेले हात पुढे करून. हात जुळलेले, डोकं थेट तिच्या पावलावर. दारातून बघणाऱ्याला याचा एकच अर्थ लागेल, आणि तो दोघांना लागलेला तोंडावर दिसतो.

शालन नवऱ्याच्या टाळूवर हात ठेवते.

"औक्षवंत व्हा," ती म्हणते.

ऊन सरकून तिच्या मांडीवर आलंय. तोंडाला कोरड. इंजिन चालू आहे. ढब ढब ढब ढब, एका लयीत, कुठे अडखळ नाही. शालन खाली बघते. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर नाही, बाजूला आखडून पडलाय, अनवाणी. त्या पायातली चप्पल क्लीनरच्या सीटवर आहे, पालथी.

ती चपलेकडे बराच वेळ बघते. मग हात लांब करून ती घेते, पायात घालते, गाडी चालू ठेवूनच खाली उतरते.

कुंपणापलीकडे संपत कान देऊन उभा आहे.

"वैनी, कोण आलं हुतं दुरुस्तीला?"

"तुमचे दादा."

संपत हसायला जातो. मग हसत नाही. "मग? काय म्हणालं?"

"काही नाही. पाया पडले आणि गेले."

संपत आत जातो आणि दार लावून घेतो.

फिल्टर बदलला की डिझेलच्या नळीत हवा शिरते. इंजिन घटकाभर रेसवर चालू ठेवलं, की ती आपोआप निघून जाते.