जागं करून दे

दोन्ही हात पाठीमागे बांधून त्या उंबऱ्यात उभ्या राहायच्या. समोर आई, आईच्या खांद्यावर झोपलेलं मूल, आणि या बाई काही हात पुढे करायच्या नाहीत. "झोपलं लेकरू मी घेत नाई. जागं करून दे."

आमच्या वस्तीतलं पाळणाघर सांभाळणाऱ्या या मावशी. वस्ती सावंगीच्या रस्त्याला लागून आहे. इथल्या बायका दवाखान्यात झाडूपोछा करतात, होस्टेलांमध्ये पोळ्या लाटतात, बांधकामावर विटा वाहतात. पाळणाघराची खोली माझ्या औषधांच्या दुकानासमोरच होती, त्यामुळे रोज सकाळचा हा तमाशा मला फुकटात बघायला मिळायचा. आईला ऑटो गाठायचा असायचा, मूल काही केल्या डोळे उघडायचं नाही आणि मावशी जागच्या हलायच्या नाहीत. मग तळपायाला गुदगुल्या, तोंडावर पाणी. एका बापाने तर घरून ताट आणून वाजवलं होतं. शेवटी मूल भोकाड पसरायचं आणि त्यासरशी मावशींचे हात पुढे यायचे. "हां. दे आता इकडं."

हे पाळणाघर आहे की पोलीस ठाणं, असं माझ्या एका गिऱ्हाइकाने विचारलं होतं. मी हसलो, पण मनातून मीही वैतागलेलोच होतो. झोपलेलं मूल सुखासुखी पाळण्यात टाकायचं सोडून ही बाई त्याला रडवते कशाला, हे मला कळत नव्हतं. तुम्हालाही कळलं नसतं.

पोरं आत गेली की थोड्याच वेळात खिदळण्याचे आवाज सुरू व्हायचे. सरकारी अनुदानातून मावशींचं आणि मदतनीस बाईचं मानधन निघायचं, दुधाचा आणि खिचडीचा खर्च भागायचा. आयांना नावापुरतं काहीतरी द्यावं लागे. संध्याकाळी त्या थकून परत येत, तेव्हा पोरांची तोंडं धुतलेली असत आणि प्रत्येकाच्या गालावर काजळाची तीट असे. ती तीट मावशी कोणालाही पुसू देत नसत.

एका दुपारी त्या दुकानात आल्या. काउंटरवर ठेवलेल्या सर्दी-खोकल्याच्या लाल औषधाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "भाऊ, हे नेणारीले इचारत जा, खोकला कोणाले आहे म्हणून."

"काऊन?" मी विचारलं.

मग त्यांनी सांगितलं. फार पूर्वी, दुसऱ्या एका गावच्या पाळणाघरात त्या नव्यानेच लागलेल्या असताना, एका बाईने त्यांच्या हातात झोपलेला मुलगा दिला होता. किती गुणी लेकरू, असं म्हणून त्यांनी तो पाळण्यात टाकला. पोराने दिवसभर त्रास देऊ नये म्हणून घरच्यांनी त्याला असलंच औषध पाजलं होतं, आणि ते जास्त झालं होतं. मावशींना ते कोणी सांगितलं नव्हतं. बाकीच्या पोरांचं करता करता त्या मधूनमधून त्याच्या पाळण्याची दोरी ओढत राहिल्या.

"दुपारपर्यंत पाळणा हलवत होती मी, भाऊ."

एवढं बोलून त्यांनी गुडघ्यासाठी बामची डबी मागितली आणि त्या गेल्या. मी त्या लाल बाटल्या उचलून मागच्या फळीवर ठेवल्या. दुसऱ्या दिवसापासून सकाळची ती रडारड ऐकली की मला बरं वाटू लागलं.

पुढे सरकारने जुनी योजना बदलली. आता पाळणाघरं अंगणवाडीतच चालणार होती. पण आमच्या अंगणवाडीला पाळणाघर काही मंजूर झालं नाही, आणि अंगणवाडी तर दुपारीच सुटते. मावशींसोबत मी वर्ध्याच्या ऑफिसात गेलो होतो. तिथले साहेब चांगले होते. त्यांनी आम्हाला चहा पाजला आणि प्रस्ताव वर पाठवल्याचं सांगितलं. मावशींनी शांतपणे विचारलं, "साहेब, वर लेकरं कोण सांभाळते?" साहेब हसले.

अनुदानाशिवाय त्यांनी काही महिने रेटलं. मदतनीस बाई दुसऱ्या कामाला लागली. दूध बंद झालं, मग खिचडीही. घरमालकाला खोली हवी होती. शेवटी मावशींचा भाऊ येऊन त्यांना अल्लीपूरला घेऊन गेला. ऑटोत बसताना त्या मला म्हणाल्या, "सकाळी कान देऊन आइकजा." बास, एवढंच.

आता आमची गल्ली सकाळी शांत असते. गिऱ्हाइकं म्हणतात, बरं झालं, कटकट गेली. मला ती शांतता सहन होत नाही. माझ्याकडून ते लाल औषध आता कोणी नेत नाही, कारण मी खोकला कोणाला आहे ते विचारतो. बाहेर मेन रोडवरच्या दुकानांत कोणी विचारत नाही.

दुकानाच्या बाजूच्या खोलीत सुनीता राहते. दवाखान्यात सफाईच्या कामाला आहे, नवरा दूर कुठेतरी कामावर. लहानग्या लेकीला, परीला, आत ठेवून, बाहेरून कुलूप लावून ती जाते. शेजारणींवर सोपवावं, तर त्याही कामाला गेलेल्या असतात. ती परीला पाजते त्या लाल औषधाबद्दल मी एकदा तिला बोललो. ती चिडली नाही. म्हणाली, "भाऊ, दिवसभर एकटी रडून घसा सुकवण्यापरीस झोपलेली बरी. काम सोडलं तं दोघी खाऊ काय?"

तेव्हापासून ती गेली की थोड्या वेळाने मी तिच्या दाराची कडी वाजवतो. आतून कुरकुर ऐकू येते आणि मी दुकानात परततो. हल्ली ती कुरकुर उशिरा येऊ लागली आहे.

काल सकाळी मी कडी वाजवली, तर आतून काहीच ऐकू आलं नाही. पुन्हा वाजवली. दारावर थापा मारल्या, परीला हाका मारल्या. बाजूला पडलेल्या विटेकडे माझी नजर गेली. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मावशी होत्या. अधूनमधून करतात त्या, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो.

"रडून राह्यले काय लेकरं?"

मी कसंबसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "फोन दाराले लावा." मी फोन दाराच्या फटीला धरला. त्या थकलेल्या आवाजात परीला हाका मारू लागल्या. ऊठ वं माय, ऊठ वं बाई, जागी हो. मी दुसऱ्या हाताने वीट उचलली होती.

मग आत काहीतरी हललं. बारीक, चिरका, घोगरा आवाज आला, आणि परी रडायला लागली.

फोनमधून मावशींचा श्वास ऐकू आला. मग त्या म्हणाल्या, "हां. दे आता इकडं."

दाराला कुलूप होतं.